२१४७४८३६४७ आणि ४२९४९६७२९७: एक मूळ, एक संयुक्त

दोन्ही संख्या दहा अंकी, विषम आणि दोनच्या घाताला खेटून बसलेल्या. पहिली २³¹ − १, दुसरी २³² + १. मूळ की संयुक्त, हा दोघींचा निकाल गणितज्ञ ऑयलरनेच लावला.

दुसरीबद्दल त्याच्या आधीच्या फर्मा या गणितज्ञाची खात्री होती की ती मूळच असणार. २¹ + १, २² + १, २⁴ + १, २⁸ + १, २¹⁶ + १, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७ या आधीच्या बहिणी मूळ आहेतच ना! १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो, भागाकार ६७००४१७. कारण फार देखणं आहे. ६४१ म्हणजे ५×२⁷ + १, आणि ५⁴ + २⁴ सुद्धा. पहिल्यावरून ५×२⁷ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, ५⁴×२²⁸ ची, बाकी १ उरते. आता दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी −२⁴ ठेवा, की २³² + १ ची बाकी शून्य! कागदावर एकदा करून बघाच.

पहिली मात्र खरोखर मूळ. हे १७७२ चं काम. तिला २³⁰ ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली) मिळते. संगणकातल्या ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही असू शकणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादाही तीच, म्हणून तेवढ्या बिटांत १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद मोजणारी जुनी संगणकीय घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला अडतील.

सौंदर्य बघायचं तर माझं मत ४२९४९६७२९७ ला.