चौथ्या क्रमांकाचा लाल स्तंभ: पोकर निकालांचे विश्लेषण करून देणारी सांगलीतील सेवा

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायची पोकरची टेबले भारतातील ॲपवरून उठली. खेळणाऱ्यांच्या संगणकात मात्र जुन्या डावांच्या फायली तशाच पडून राहिल्या. सांगलीत विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्यालगत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीतून दोन तरुण अशा फायली वाचून विश्लेषणाचा अहवाल तयार करून देतात. एका टेबलावर नऊ खेळाडूंनी सुरू होणारी आणि एक उरेपर्यंत चालणारी जी छोटी स्पर्धा असते, जिला सगळे सिट-अँड-गो म्हणतात, तिच्यात आपण कितव्या क्रमांकावर किती वेळा बाद झालो याची मांडणी हा या अहवालाचा गाभा आहे. सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही दोष सांगायचे आहेत आणि ते दोष या दोघांनी मनावर घेतले तर सहज दूर होण्यासारखे आहेत.

काम नीटनेटके आहे, हे आधी नोंदवतो. फायली पेनड्राइव्हवर नेऊन दिल्या तरी चालतात. अहवाल छापील आणि मराठीत मिळतो. बाद होताना हातातील चिप्स (खेळात पैशांच्या जागी लावायच्या चकत्या) किती बिग ब्लाइंडांच्या होत्या (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी आळीपाळीने भरावी लागणारी सक्तीची रक्कम, तिच्यातली मोठी ती बिग ब्लाइंड), याचा तक्ता प्रत्येक क्रमांकासमोर दिलेला असतो, आणि केवळ या तक्त्यासाठी शुल्क दिले तरी ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. वीज किंवा नेट गेल्यामुळे खेळाडू नुसताच बसून राहिला आणि ब्लाइंड भरता भरता संपला, अशा स्पर्धा ते वेगळ्या काढतात. महापुराच्या दिवसांत ज्यांनी खेळ अर्धवट सोडला असेल, त्यांना याचे मोल कळेल.

अडचण तिसऱ्या पानापासून सुरू होते. तेथे नऊ उभे स्तंभ आहेत, प्रत्येक क्रमांकासाठी एक. पहिले तीन क्रमांक बक्षिसाचे म्हणून त्यांचे स्तंभ हिरवे. उरलेल्यांपैकी जो अपेक्षेपेक्षा फार उंच असेल तो लाल, आणि त्या लाल स्तंभाखाली खेळाडूला दिलेला सल्ला. माझ्या अहवालात चौथा स्तंभ लाल होता आणि सल्ला असा की बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे बबलवर, मी घाई करतो. हा निष्कर्ष ज्या रीतीने काढला आहे, तीच मला सदोष वाटते.

सोपे आकडे घेऊन पाहू. समजा एखाद्याने 900 स्पर्धा खेळल्या. तो अगदी सरासरी खेळाडू असेल, तर प्रत्येक क्रमांकावर तो सुमारे 100 वेळा येईल, आणि निव्वळ नशिबाच्या खेळाने हा आकडा 81 ते 119 यांच्या दरम्यान हलू शकेल. आता या खेळाडूचा पाचव्यापासून नवव्यापर्यंतचा प्रत्येक क्रमांक 84 वेळा, चौथा 120, तिसरा 140, दुसरा 120 आणि पहिला 100 वेळा आला आहे असे धरा. चौथ्याचे 120 हे 119 च्या पुढे गेले, म्हणून अहवाल तो स्तंभ लाल करतो. पण हा खेळाडू सुरुवातीला कमी वेळा बाद होतो, त्यामुळे शेवटच्या चौघांत तो 480 वेळा पोहोचला आहे. सरासरी खेळाडू 400 वेळाच पोहोचला असता. चौघांत पोहोचल्यावर चौथा येण्याची सरासरी शक्यता चारात एक, आणि 480 पैकी 120 म्हणजे बरोबर तेवढीच. बबलवर या माणसाचे काही बिघडलेले नाही. तो तेथे जास्त वेळा हजर असतो, म्हणून तेथे जास्त वेळा बादही होतो.

बिघाड आहे तो हिरव्या रंगाखाली. शेवटच्या तिघांत तो 360 वेळा पोहोचला. त्यांपैकी एक तृतीयांश, म्हणजे 120 वेळा तिसरा येणे स्वाभाविक होते, प्रत्यक्षात तो 140 वेळा आला. हा फरक योगायोगाच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर जातो. बक्षीस मिळाले म्हणून अहवालाने या स्तंभाला शाबासकी दिली आणि जिथे पैसा गळतो ती जागाच झाकली. प्रत्येक क्रमांकाचा भागाकार एकूण स्पर्धांनी न करता त्या टप्प्यापर्यंत खेळाडू किती वेळा पोहोचला त्या संख्येने करावा, ही माझी या सेवेकडे मुख्य मागणी आहे. त्यासाठी नवीन माहिती लागत नाही. सगळे आकडे त्यांच्याच तक्त्यात आहेत.

गळती केवढी, हेही पाहण्यासारखे आहे. प्रवेशाचे 100 रुपये आणि वर 10 रुपये फी, बक्षिसांची विभागणी नेहमीची 50, 30 आणि 20 टक्के, म्हणजे 450, 270 आणि 180 रुपये, असे धरले तर वरील खेळाडूने 99,000 रुपये घालून 1,02,600 मिळवले. तीनही बक्षिसे 120-120 वेळा आली असती, तर मिळकत 1,08,000 झाली असती. बक्षिसात येण्याचे प्रमाण दोन्हीकडे 40 टक्केच आहे, नफा मात्र 3,600 ऐवजी 9,000. अहवालाच्या पहिल्याच पानावर हे 40 टक्के ठळक अक्षरांत छापलेले पाहून खूश होणाऱ्यांनी ही बेरीज स्वतः करून पाहावी.

बबलवर सांभाळून खेळणे मुळात चूक नाही, हे येथे सांगायला हवे. चौघांकडे सारख्या चिप्स असतील, तर 900 रुपयांच्या बक्षिसात प्रत्येकाचा वाटा 225 रुपयांचा होतो. त्या क्षणी दोघांनी सगळ्या चिप्स लावल्या आणि एक जिंकला, तर त्याच्या चिप्स दुप्पट होतात. पण त्यांची किंमत 450 होत नाही, 345 रुपयेच होते. म्हणजे ब्लाइंड बाजूला ठेवले, तर अशा डावात उतरायला जिंकण्याची शक्यता सुमारे 65 टक्के हवी. चिप्सच्या वाट्यावरून प्रत्येक क्रमांकाची शक्यता काढायच्या या हिशेबाचे मूळ संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हार्व्हिल यांनी 1973 मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडलेल्या सूत्रात आहे. पोकरमध्ये ते पोकरवरील पुस्तकांचे लेखक मेसन मालमुथ यांनी आणले. मात्र चौथा गडी बाद झाला की गणित पालटते. चौथ्यावरून तिसऱ्यावर येण्याचे 180 रुपये मिळतात, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे फक्त 90, आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर जाण्याचे पुन्हा 180. बबलवरचा सांभाळून खेळण्याचा पवित्रा जो तिघांच्या डावातही सोडत नाही, तो ब्लाइंड भरत झिजत जातो आणि तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानतो. बाद होतानाच्या चिप्सचा तक्ता येथे साक्ष देतो: तिसऱ्या क्रमांकासमोर वारंवार दोन-तीन बिग ब्लाइंड दिसत असतील, तर दुखणे हेच आहे. इतका चांगला पुरावा हाताशी असून अहवाल त्याची सांगड स्तंभांशी घालत नाही, याचे नवल वाटते.

शेवटच्या दोघांच्या डावाबद्दलही अहवाल असाच घाईचा शेरा मारतो. दुसरा क्रमांक पहिल्यापेक्षा जास्त वेळा आला, की समोरासमोरच्या खेळात कच्चे, असा तो सरळ निकाल देतो. दोघे तुल्यबळ असतील तर जिंकण्याची शक्यता ज्याच्या त्याच्या चिप्सच्या वाट्याइतकीच असते. एक चतुर्थांश चिप्स घेऊन बसलेला माणूस चारात तीनदा हरणारच. तेव्हा शेवटच्या दोघांत येताना चिप्स किती होत्या, हे पाहिल्याशिवाय कौशल्यावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. मी हे त्या दोघांना प्रत्यक्ष भेटून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि तो आकडा फायलींतून काढता येतो असेही मान्य केले.

थोड्या स्पर्धांच्या फायली घेऊन जाणाऱ्यांना ही मंडळी परत पाठवत नाहीत. खरे तर पाठवायला हवे. वर घेतलेल्या प्रवेशशुल्काच्या हिशेबाने 100 स्पर्धांतील परताव्यात नुसत्या नशिबानेच सरासरीपासून साधारण 14 टक्क्यांचा फरक (प्रमाण विचलन) पडतो, आणि 1,000 स्पर्धांनंतरही तो साडेचार टक्के उरतोच. शंभर स्पर्धांत एखादा क्रमांक पाच वेळा आला काय किंवा सतरा वेळा आला काय, त्यावरून स्वभावाचे निदान करणे व्यर्थ आहे. अहवालात मात्र शंभर स्पर्धांनाही तेच नऊ स्तंभ आणि तोच ठाम सल्ला छापला जातो.

शुल्क 600 रुपये असून त्यात एकदा फेरमांडणी करून मिळते. ती अवश्य मागावी आणि मागताना टप्प्यानुसार भागाकार करून द्या असे स्पष्ट सांगावे. फायली देण्यापूर्वी सहा जणांची टेबले वेगळी काढलेली बरी. त्यांत बहुधा दोनच बक्षिसे असतात, आणि ती नऊ जणांच्या टेबलांत मिसळली गेली, तर सातवा, आठवा आणि नववा हे स्तंभ आपोआप बुटके दिसून सुरुवातीचा खेळ उत्तम असल्याचे प्रशस्तिपत्र फुकट मिळते.