कॉइलचा दोष शोधण्यासाठी ब्लूटूथ स्कॅनर आणि स्पार्क टेस्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

पेट्रोल गाडी मिसिंग मारायला लागली की चारही कॉइल (प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारे भाग) बदलायचा सल्ला सर्रास मिळतो. गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि कॉइलची ठिणगी ठरावीक फटीतून उडवून दाखवणारा स्पार्क टेस्टर, ही दोन अवजारं हाताशी असली तर तो खर्च बहुतेक वेळा टळतो. पण दोन्ही लागतात. नुसत्या स्कॅनरच्या भरवशावर कॉइल विकत आणू नका.

स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं), एवढंच. दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे कोडवरून कळत नाही. पी०३५२ आला तर संशय कॉइलच्या सर्किटवर जातो, पण त्यात वायर आणि कनेक्टरही आले. स्कॅनरचा खरा फायदा मोड ६ मध्ये, म्हणजे गाडीने स्वतःच घेतलेल्या चाचण्यांचे आकडे दाखवणाऱ्या भागात आहे. कॅन प्रणालीच्या (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या डेटा-जाळ्याच्या) गाड्यांत मॉनिटर ए२ म्हणजे पहिला सिलिंडर, ए३ दुसरा, असा क्रम असतो. त्यात टेस्ट ०बी गेल्या दहा ड्रायव्हिंग सायकलमधल्या (गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांमधल्या) मिसफायरची सरासरी देते. चेक इंजिन लाइट लागण्याआधीच एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा वर गेलेला दिसतो. मात्र स्कॅनरमधल्या ईएलएम३२७ च्या नकली चिपवर ही माहिती अर्धवट येते किंवा येतच नाही, तेव्हा घेतल्याबरोबर हे तपासा.

मग कॉइलची अदलाबदल. इंजिन थंड हवं. कनेक्टरची कडी जपून दाबा, उष्णतेने ती ठिसूळ झालेली असते. बोल्ट काढल्यावर कॉइल थोडी फिरवून मोकळी करा आणि मगच सरळ वर ओढा, नाहीतर बूट (कॉइलची प्लगवर बसणारी रबरी नळी) फाटून प्लगवरच राहतो. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, प्लग जागचे हलवू नका. कोड पुसा आणि चढावर, इंजिनावर लोड येईल अशी गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइलच दोषी. पी०३०२ कायम राहिला तर आधी प्लग, मग इंजेक्टर.

स्पार्क टेस्टर कशाला, प्लग काढून ठिणगी बघता येतेच की, असं अनेकांना वाटतं. पण उघड्या हवेत ०.८ मि.मी. ची फट कमजोर कॉइलही सहज ओलांडते. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि तिथेच ती हरते. म्हणून टेस्टरवर फट ८ ते १० मि.मी. ठेवा आणि शेजारच्या चांगल्या कॉइलशी ताडून बघा. निळी-पांढरी, टकटक वाजणारी ठिणगी चांगली. पिवळसर, तुटक असेल तर कॉइल संशयित. फट उगाच वाढवत नेऊ नका, ठिणगी कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते. टेस्टरची अर्थिंगची क्लिप इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर लावा. चाचणीपुरता त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून ठेवा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

मल्टिमीटरवर फार विसंबू नका. दोन पिनच्या कॉइलची प्रायमरी (बॅटरीच्या बाजूची गुंडाळी) साधारण ०.४ ते २ ओहम दाखवते. तीन-चार पिनच्या कॉइलमध्ये बहुधा इग्नायटर (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारं सर्किट) आतच असतो, तिथे या मोजणीला अर्थ नाही. शिवाय थंड असताना अचूक रीडिंग देणारी कॉइल तापल्यावर दगा देते, त्यामुळे ठिणगीची चाचणी इंजिन पूर्ण तापल्यावरही एकदा घ्या.

नवी कॉइल बसवण्याआधी जुनी का गेली ते बघा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल. प्लगची फट झिजून वाढली की कॉइलला दर वेळी जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. प्लग बसतो त्या खोल भोकात, म्हणजे प्लगच्या विहिरीत तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा ट्यूब सील गेलंय. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरूनच पळतेय. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदला, एक जुना ठेवला तर रेघ दुसऱ्यावर उमटते. बुटाच्या तोंडाशी आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात पुरे.

तक्रार एकच: टेस्टरची फट ठरवणारी नॉब वापरून सैल पडते आणि चाचणी चालू असतानाच फट कमी होते. त्यावरच्या खुणांवर विश्वास न ठेवता फट दर वेळी व्हर्नियरने मोजावी लागते. घेणार असाल तर लॉकनट असलेलाच घ्या.