लाकडी चौकोनांचा सेट घेताय तर ६० चाच घ्या (नौपाडा, ठाणे)

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत खेळण्यांचं जुनं दुकान आहे, तिथून भाचीसाठी घेतला, ती पाचवीत आहे आणि शाळेत विभाजक चालू झालेत. ४८, ६० आणि १०० असे तीन सेट मिळतात आणि दुकानातले काका सगळ्यांच्या गळ्यात १०० चाच मारतात, थोडेच पैसे जास्त आहेत ताई वगैरे. ऐकू नका.

खेळ काय, तर सगळे चौकोन लावून आयत करायचा, एकही उरता कामा नये. १०० चे आयत होतात पाच (१×१००, २×५०, ४×२५, ५×२०, १०×१०), ४८ चेही पाचच आणि ६० चे सहा! ६० ला १ ते ६ सगळ्यांनी भाग जातो, एकूण विभाजक १२, त्याच्या खालच्या कुठल्याच संख्येला एवढे नाहीत आणि वरती पण थेट १२० येईपर्यंत त्याला कोणी मागे टाकत नाही, ७२, ८४, ९०, ९६ आणि १०८ नुसते बरोबरीला येतात. १०० मध्ये सगळे २ आणि ५, ३ नाहीच, त्यामुळे तीन पोरांत वाटले की एक उरतो आणि भांडणं सुरू. आपल्या रामानुजननी केंब्रिजला असताना १९१५ मध्ये ६० सारख्याच, म्हणजे खालच्या सगळ्यांपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर भलामोठा पेपर लिहिला, त्यात दाखवलंय की अशा संख्येचे मूळ अवयव पाडले तर २ पासून ओळीने येतात, मधला एकही गाळत नाहीत, आणि लहान अवयव मोठ्यापेक्षा कमी वेळा कधीच येत नाही. ६० म्हणजे २×२×३×५, बघा बसतंय. हे पोरीला मी सांगितलं नाही, तिनेच विचारलं की मावशी १०० मोठा असून त्याचे कमी कसे, तिथेच माझे पैसे वसूल.

आता वाईट. कडा नीट घासलेल्या नाहीत, आणि हात ओले असले की लाल रंग बोटांना लागतो, एवढ्या किमतीत हे चालणार नाही. जास्तीचा एक तुकडा द्यायला काय जातं? एक सोफ्याखाली गेला की उरले ५९, ती मूळ संख्या, मग बसा एकच लांब रांग लावत. सुटे मागितले तर म्हणे नवा सेट घ्या.

घरात दोन पोरं असतील तर १०० च्या नादी न लागता ६० चे दोन घ्या, १२० चे आठ आयत होतात. चार स्टार. जीपे चालतं, गाडी मात्र नेऊ नका, पार्किंग मिळणार नाही.