आबांना समजून घ्यायचंय: चॅनलच्या क्लिप बघाव्यात की पेपरच्या फायली काढाव्यात?

दिवंगत नेत्याबद्दल स्वतःचं मत बनवायचं असलं की आज दोन वाटा चटकन समोर येतात. एक म्हणजे मोबाइलवर नाव टाकून न्यूज चॅनलांच्या क्लिप बघणं. दुसरी म्हणजे वाचनालयात जाऊन त्या त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या फायली मागणं. स्मृतिग्रंथ आणि विधिमंडळाचं कार्यवृत्तही असतं, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. पण बहुतेकांची निवड या दोघांतच होते, आणि मी ती राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा, यांच्या निमित्ताने केली आहे. आबांवर बोलायचं, लिहायचं किंवा नुसतं वाद घालायचं ठरवलेल्या तरुण मंडळींनी 'सुरुवात कुठून करू' असं विचारलं की मी काय सांगतो, ते इथे मांडतो.

आबा या परीक्षेसाठी योग्य नाव आहे. त्यांच्याबद्दल सरसकट चांगलं बोलणंही सोपं आहे आणि सरसकट वाईट बोलणंही. ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम, गडचिरोलीचं आपणहून घेतलेलं पालकमंत्रिपद हे एका बाजूला. सव्वीस अकरानंतरचं ते वाक्य, डान्सबार बंदीची न्यायालयातली हार आणि गृहखात्यावरचे प्रश्न दुसऱ्या बाजूला. अशा माणसाचं मूल्यमापन तुम्ही कुठून सुरू करता, यावर तुमचं मत कुठे पोहोचणार हे बरंचसं ठरतं.

क्लिपच्या बाजूने आधी सांगतो, कारण ती बाजू कच्ची नाही. आबांचं भाषण वाचून समजत नाही, ते ऐकावंच लागतं. सावकाश केलेली सुरुवात, गावातलं एखादं उदाहरण, मग आवाज जराही न चढवता समोरच्या पक्षाला काढलेला चिमटा आणि त्यावर उसळणारा हशा. पेपरात यातलं काय उरतं? 'या विधानावर हशा पिकला' एवढंच. त्यांच्या गावी, अंजनीत, अंत्यसंस्काराला लोटलेली माणसंही कॅमेऱ्यातच कळतात. बातमीत ती 'अलोट गर्दी' या दोन शब्दांत संपतात. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हा नेता घरचा का वाटायचा, हे ज्याला मुळातच माहीत नाही त्याने आधी तासभर त्यांची भाषणं ऐकावीत. माझं याला पूर्ण अनुमोदन आहे.

तरीही मी क्लिप बाजूला ठेवल्या, आणि त्यामागचं कारण वरवर किरकोळ वाटेल असं आहे. क्लिपवर तारीख नसते.

अपलोडची तारीख असते, पण ती भाषणाची नव्हे. दहा वर्षांपूर्वीचं बोलणं कुणीतरी गेल्या आठवड्यात चढवलेलं असतं, वर 'आबांनी तेव्हाच सांगितलं होतं' असा मथळा, आणि 'तेव्हा' म्हणजे कधी याचा पत्ता नसतो. आबांच्या बाबतीत तर तारखेवर सगळा अर्थ फिरतो. २००४ पासून १ डिसेंबर २००८ ला राजीनामा देईपर्यंत ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. मग जवळपास वर्षभर गृहखातं त्यांच्याकडे नव्हतं. २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि सप्टेंबर २०१४ पर्यंत राहिले. पोलिसांच्या हालअपेष्टांबद्दल ते बोलतायत, तर ते जबाबदार मंत्री म्हणून बोलतायत, की खात्याबाहेर बसलेला माणूस म्हणून? शब्द तेच, पण पहिल्या वेळी ती कबुली ठरते आणि दुसऱ्या वेळी टीका.

अशीच पोलिसांवरची एक क्लिप मला एका व्याख्यानात वापरायची होती. उभ्या चौकटीत बसवायला चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं, त्यामुळे मागच्या फलकावरची तीन-चार अक्षरं तेवढी दिसत होती. शेजारी व्यासपीठावर कोण बसलंय हे दिसलं असतं, तरी सालाचा अंदाज बांधता आला असता. मूळ चॅनलच्या बोधचिन्हावर दुसऱ्याच कुणाचं बोधचिन्ह चिकटवलेलं. खाली पट्टी, पार्श्वसंगीत, आणि शेवटचं वाक्य अर्ध्यावर तोडलेलं. तीच क्लिप आणखी काही ठिकाणी सापडली, प्रत्येक ठिकाणी तारीख निराळी. शेवटी मी ती वापरलीच नाही. ऐकायला बसलेल्यांपैकी कुणी 'हे कधीचं?' एवढं विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फायलीत हा प्रश्नच येत नाही. पान कितीही जीर्ण असो, डोक्यावर तारीख आणि वार असतोच. शिवाय आदल्या दिवशी काय घडलं आणि दुसऱ्या दिवशी काय प्रतिक्रिया आली, हे एक पान मागे-पुढे केलं की मिळतं.

सव्वीस अकराचंच बघा. मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होत असतात, या अर्थाचं आबांचं हिंदी वाक्य आजही काही सेकंदांच्या तुकड्यात फिरतं. नोव्हेंबर २००८ च्या अखेरचे दोन-तीन पेपर शेजारी ठेवून वाचले, तर वाक्याची शब्दरचना सगळीकडे सारखी नाही हे पहिल्यांदा लक्षात येतं. हल्लेखोर पाच हजार माणसं मारायच्या इराद्याने आले होते, नुकसान त्यामानाने रोखलं गेलं, हा त्याच बोलण्यातला भागही समोर येतो. यामुळे आबा सुटतात का? माझ्या मते नाही. १६६ माणसं ज्यात गेली त्या हल्ल्यानंतर राज्याच्या गृहमंत्र्याच्या तोंडी ते वाक्य शोभणारं नव्हतं, आणि फायली वाचूनही माझं हे मत हललेलं नाही. पण क्लिप बघताना मी एका वाक्यावर चिडलो होतो. फायली वाचताना वाक्य, त्यावरचा गदारोळ, राजीनामा, पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुखांनीही पद सोडणं, नंतर हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेली प्रधान समिती आणि वर्षभराने त्याच खात्यात परत येणं, हे सगळं ओळीने समोर आलं. राग तेवढाच राहिला, पण तो नेमका कशाचा हे मला सांगता येऊ लागलं.

डान्सबार बंदीचंही तसंच. क्लिपमध्ये ठाम गृहमंत्री दिसतो आणि टाळ्या पडतात. फायलीत बंदीची सगळी वाटचाल आहे. २००५ ला कायदा झाला, पण तारांकित हॉटेलांना त्यात सूट होती. त्याच सुटीवर आणि उपजीविकेच्या हक्कावर बोट ठेवून २००६ ला उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. रोजगार गेलेल्या बायकांचा न्यायालयासमोर आलेला आकडा सुमारे ७५ हजारांचा होता. २०१४ मध्ये आबा गृहमंत्री असतानाच हॉटेलांची सूट काढून कायदा पुन्हा केला गेला. जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे आबा जाऊन जवळजवळ चार वर्षं झाल्यावर, २०१६ च्या नव्या कायद्यातल्या बऱ्याच अटी सर्वोच्च न्यायालयाने उडवल्या. संसार वाचला म्हणून आबांना दुवा देणाऱ्या बायका आणि पोट कसं भरायचं विचारणाऱ्या बायका, दोघींच्या बातम्या त्याच महिन्यांच्या फायलीत भेटतात. चॅनलच्या चर्चेत मला दोघी एकत्र कधी दिसल्या नाहीत. माझ्या बघण्याबाहेर अशी चर्चा झालीही असेल.

माझं मत ज्या पानाने पक्कं केलं, ते १७ फेब्रुवारी २०१५ चं. आदल्या दिवशी मुंबईत लीलावती रुग्णालयात आबा गेले होते. त्याच दिवशी सकाळी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या दिवशी टीव्हीच्या पडद्यावर एक बातमी आली की दुसरी सरकायची, आणि आज चॅनलवर शोधायला गेलात तर दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या सापडतात. पेपराच्या पहिल्या पानावर मात्र त्या एकमेकींना लागून आहेत. एका बाजूला आबांचा फोटो, दुसरीकडे पानसऱ्यांची प्रकृती चिंताजनक असल्याची बातमी. दीड वर्षापूर्वी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा असाच गोळ्या झाडून खून झाला तेव्हा गृहखातं आबांकडेच होतं. तो तपास नंतर सीबीआयकडे द्यावा लागला. श्रद्धांजलीच्या मजकुरात हे कुणी लिहिलं नव्हतं आणि त्या दिवशी लिहावं अशी अपेक्षाही नाही. पण पानाची मांडणीच प्रश्न विचारत होती. मी बराच वेळ ते पान उलटलं नाही.

आता २०२४ चा ऑक्टोबर. तासगावच्या प्रचारसभेत अजित पवारांनी सांगितलं की सिंचन घोटाळ्याच्या आरोपांवरून आपल्या खुल्या चौकशीच्या फायलीवर आबांनी सही केली होती आणि ती नंतर देवेंद्र फडणवीसांनी आपल्याला दाखवली. केसाने गळा कापला, असा त्यांचा शब्द होता. समोर निवडणुकीला आबांचे चिरंजीव रोहित पाटील उभे होते आणि पुढे ते निवडूनही आले. पुढचे दोन दिवस चॅनलांवर याशिवाय काही नव्हतं, पण चर्चा झाली ती गद्दारी आणि निष्ठा यावर. खरा मुद्दा कालक्रमाचा होता. सरकार गेलं, २८ सप्टेंबर २०१४ ला राष्ट्रपती राजवट लागली, ३१ ऑक्टोबरला नवं सरकार आलं, तर यात ती फाइल कधी कुठल्या टेबलावर होती? गृहमंत्र्याने चौकशीला मान्यता देणं हे त्याचं कामच नव्हे का, हा प्रश्नही या तारखा लावल्याशिवाय नीट विचारता येत नाही. गेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. तेव्हा तारखा तरी जिथे धड मिळतील तिथे जावं, एवढंच माझं म्हणणं.

फायलींचा त्रास लपवत नाही. मृत्यूनंतरच्या पहिल्या आठवड्यात पेपर फारसा कामाचा नसतो. मरणान्तानि वैराणि म्हणत विरोधकही गोडच लिहितात, आणि पान पान भरून श्रद्धांजलीच्या जाहिराती असतात, ज्यात आबांपेक्षा देणाऱ्यांचे फोटो मोठे. कुठला पेपर कुणाच्या बाजूचा हे ठाऊक नसेल तर फसाल, म्हणून किमान दोन परस्परविरोधी पेपर घ्या. वाचनालयात मला हवा असलेला एक महिना बांधणीला गेलेला होता तो परत आलाच नाही, आणि फोटो काढायला परवानगी नव्हती, हाताने उतरवून घ्यावं लागलं. जिल्हा आवृत्त्या सगळीकडे जपलेल्या नसतात. आबांच्या बाबतीत हे फार जाणवतं, कारण गडचिरोलीतल्या त्यांच्या पालकमंत्रिपदाचा खरा हिशेब तिथल्याच आवृत्त्यांत असणार.

स्मृतिग्रंथांबद्दल थोडक्यात: आठवणींसाठी उत्तम, निवाड्यासाठी नाही. लिहिणारे सगळे जवळचे असतात. विधिमंडळाचं कार्यवृत्त मात्र वेगळं. त्यात तारीख तर असतेच, प्रश्न, उत्तर, अडथळा, सगळं शब्दशः असतं. डान्सबारचं विधेयक सभागृहात कसं मंजूर झालं, कोण काय बोललं, हे तिथे मिळतं. कायद्याचा किंवा राज्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्याने फायलींच्याही आधी तिकडे जावं. सामान्य वाचकाला ते जड जातं आणि बाहेर लोक काय म्हणत होते हे त्यात नसतं.

तर परवा भाषण आहे आणि हातात एकच संध्याकाळ आहे, अशांनी क्लिप बघाव्यात. फक्त ज्या क्लिपची तारीख खात्रीने कळत नाही ती वापरू नये. आबांचा आवाज, लकब, माणसं जोडायची हातोटी सांगायची असेल तरीही क्लिपच बरी. पण कुणी तुमच्याशी वाद घालणार असेल, किंवा तुमचं तुम्हालाच नक्की ठरवायचं असेल की या माणसाने गृहखातं कसं सांभाळलं, तर मी फायलीच सांगेन. दोन रविवार मोकळे ठेवा. ग्रंथपालांकडे नोव्हेंबर २००८ चा शेवटचा आठवडा आणि २ डिसेंबर, १७ जुलै २०१३, १७ फेब्रुवारी २०१५, आणि ऑक्टोबर २०२४ चे अखेरचे दिवस मागा. त्यातही सुरुवात २००८ पासून करा. मृत्यूच्या दिवसापासून वाचायला लागलात, तर आधीचं सगळं त्या हळव्या भाषेतूनच वाचलं जातं.