इमारतीची सुरक्षा: स्वतःचा विभाग की बाहेरची संस्था?

व्यापारी संकुल, कार्यालयीन इमारत किंवा गोदाम चालवणाऱ्यापुढे पर्यावरण व सुरक्षेच्या जोखमी सांभाळण्याचे दोन मार्ग असतात. एक तर पगारी सुरक्षा अधिकारी नेमायचा, नाहीतर ठरावीक शुल्कावर हे काम बाहेरच्या संस्थेला द्यायचे. बहुतेक निर्णय खर्चावर होतात. माझ्या मते आधी हे पाहावे, की आपल्या इमारतीतली कोणती जोखीम रोज बदलते आणि कोणती वर्षानुवर्षे भिंतीआड दडून असते.

रोज बदलणाऱ्या जोखमींपुढे बाहेरची संस्था तोकडी पडते. जिन्याचा अग्निरोधक दरवाजा ये-जा सोपी व्हावी म्हणून कोणीतरी पाचर मारून उघडा ठेवतो आणि तपासणीच्या दिवशी ती पाचर अर्थातच जागेवर नसते. वेल्डिंगची ठिणगी पुठ्ठ्यांच्या ढिगात बराच वेळ धुमसू शकते. म्हणून काम आटोपल्यावरही सुमारे तासभर तिथे पहारा ठेवावा लागतो, आणि ठेकेदार घाईत असताना त्याला काम थांबवायला सांगण्याचा अधिकार असलेला माणूस इमारतीतच हवा.

दडलेल्या जोखमींचे गणित उलटे आहे. जुन्या छतात किंवा पाइपांच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस (धूळ श्वासात गेल्यास फुफ्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज) आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो, आणि तोही ड्रिल लावण्यापूर्वी. एवढ्यासाठी कायमचा तज्ज्ञ पोसण्यात अर्थ नाही.

पाण्याच्या बाबतीत दोघेही लागतात. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची जी साथ उद्भवली, तिच्यामुळे लेजिओनेला हा जीवाणू ओळखला गेला. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि कूलिंग टॉवर (वातानुकूलन यंत्रणेचे पाणी थंड करणारा मनोरा) किंवा शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. गरम पाणी ६० अंशांवर साठवणे, न वापरलेले नळ नियमित सोडणे आणि त्याची नोंद ठेवणे हे घरच्या माणसाचे काम. जीवाणूंची चाचणी बाहेरची.

पर्यावरणासाठी आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक आणि कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यासाठी २०१८ साली आलेले आयएसओ ४५००१ यांचे प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर बाहेरचा लेखापरीक्षक येतोच. मात्र ते प्रमाणपत्र व्यवस्थापनाच्या पद्धतीचे असते. डिझेलच्या टाकीभोवती गळती अडवण्यासाठी घातलेल्या बांधाला तडा गेलेला नाही, याची हमी ते देत नाही.

लहान कार्यालयीन इमारतीला बाहेरची संस्था पुरेशी आहे, फक्त रोजच्या फेरीसाठी एकाचे नाव ठरलेले असावे. कूलिंग टॉवर, मोठे स्वयंपाकघर किंवा रसायनांचा साठा असेल, तर स्वतःचा अधिकारी नेमावा आणि वार्षिक लेखापरीक्षण तेवढे बाहेर द्यावे. करार करताना मात्र एक अट घालावी: जी संस्था दोष शोधते, तिलाच दुरुस्तीचे कंत्राट मिळणार नाही.