टाकीबाहेर टांगायची ब्रीडिंग बॉक्स: कॅटफिशची अंडी आणि पिल्ले सांभाळताना आलेला अनुभव

कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या लहान कॅटफिशनी टाकीच्या काचेवर अंडी घातली, की ती हलवायची कुठे हा प्रश्न त्याच दिवशी सोडवावा लागतो, कारण अंडी घालून मोकळी झालेली मादी आणि तिच्यामागे फिरणारे नर थोड्याच वेळात तीच अंडी हुडकून खाऊ लागतात. वेगळी टाकी त्या घाईत तयार होत नाही. नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू रुजायला काही आठवडे जातात. मी आधी टाकीच्या आत बसवायची जाळीची पेटी वापरत असे, पण तिच्या शिवणीत पिल्ले अडकत आणि बारीक खाद्य जाळीतून खाली निघून जाई. म्हणून बाहेरच्या बाजूने काचेवर टांगायची, एअरपंपवर चालणारी प्लास्टिकची पेटी घेतली. तिच्यात गेल्या दोन वर्षांत ब्रॉन्झ कोरी या कोरीडोरासच्या जातीच्या सहा आणि ब्रिसलनोज प्लेको या दुसऱ्या कॅटफिशच्या दोन खेपा वाढवल्या. (ब्रॉन्झ कोरीचे शास्त्रीय नाव 2024 मधील नव्या वर्गीकरणानुसार ऑस्टिओगॅस्टर एनिया असे लिहिले जाते, जुन्या पुस्तकांत ती कोरीडोरास एनियस म्हणून सापडेल.)

पेटीची रचना साधी आहे. एअरपंपची हवा एका उभ्या नळीत सोडली जाते, वर चढणारे बुडबुडे टाकीतले पाणी सोबत उचलून पेटीत आणतात आणि पेटी भरली की दुसऱ्या टोकाच्या फटींतून ते पाणी पुन्हा टाकीत पडते. तिचा खरा गुण यातच आहे. पेटीत जेमतेम दोन लिटर पाणी मावत असले तरी ते सतत मोठ्या टाकीशी बदलत राहते, त्यामुळे तापमान, क्षार आणि पीएच आईबापांच्या पाण्याइतकेच राहतात आणि अंड्यांना कसलाही धक्का बसत नाही. वेगळा हीटर किंवा वेगळा फिल्टरही लागत नाही. फक्त पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा किंवा हवेच्या नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून थेट पंपात उतरू शकते.

अंडी हलवण्याचे काम मला सर्वांत आवडते. घातल्या घातल्या ती मऊ असतात, म्हणून तासभर थांबावे. मग ओल्या बोटाच्या पेराने अंडे वरून खाली हलकेच लोटले की ते काचेवरून सुटते आणि बोटालाच चिकटते. तेच बोट पेटीच्या आतल्या भिंतीला टेकवले की तिथे बसते. मी ती पाण्याच्या आवकेजवळ, एकमेकांपासून थोडे अंतर सोडून लावते. पंचवीस-सव्वीस अंश तापमानाला ती साधारण तीन ते पाच दिवसांत फुटतात. दुसऱ्या दिवशी पेटीच्या मागे विजेरी धरली, की जिवंत अंडे फिकट तपकिरी आणि आतून भरीव दिसते, तर न फळलेले दुधासारखे पांढरे पडते. पेटीच्या स्वच्छ, सपाट भिंतीमुळे हे निरीक्षण जाळीच्या पेटीपेक्षा कितीतरी सोपे होते, आणि ते फार महत्त्वाचे आहे, कारण पांढऱ्या अंड्यावर उगवलेली बुरशी कापसाच्या तंतूंसारखी पसरत शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही वेढते. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने ती अंडी वेचून काढावीच लागतात.

इथेच या पेटीची पहिली मोठी मर्यादा लक्षात येते. बुरशीवर बहुतेक जण मेथिलीन ब्लू हे निळे औषध वापरतात, पण या पेटीत ते घालता येत नाही, कारण पाणी टाकीत परत जाते आणि तेथील फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना त्याचा त्रास होतो. ज्यांना औषधाशिवाय चैन पडत नाही त्यांनी पहिले तीन दिवस अंडी वेगळ्या भांड्यात एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून ठेवावीत आणि फुटण्याच्या बेताला आली की पेटीत आणावीत. मी औषध टाळते आणि वेचण्यावर भर देते. माझ्या खेपांत हे पुरेसे ठरले आहे.

दुसरी मर्यादा फटींची. नुकतेच बाहेर आलेले कोरीचे पिल्लू पाच मिलिमीटरही भरत नाही आणि पाणी बाहेर जाण्याच्या फटी त्याच्या मानाने रुंद आहेत. पहिल्या खेपेत निम्मी पिल्ले कुठे गेली हे मला कळत नव्हते. शेवटी मोठ्या टाकीतल्या जावा मॉस या पाणवनस्पतीखाली त्यांतली दोन दिसली, तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून मी फटींच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांच्या स्पंजची पट्टी लावते. ती पट्टी मात्र एक दिवसाआड पिळून धुवावी लागते, कारण तुंबली तर पेटीतले पाणी काठावरून थेट जमिनीवर जाते. ही पट्टी निर्मात्याने पेटीसोबतच द्यायला हवी होती.

पिल्ले पहिले दोन-तीन दिवस पोटाखालच्या बलकावर जगतात. नंतर त्यांना ताजे फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे सूक्ष्म जीव) आणि मायक्रोवर्म (अतिबारीक कृमी) लागतात, तेही दिवसातून दोन-तीनदा. लहान जागेचा इथे उपयोग होतो: खाद्य पिल्लांच्या मिशांसमोरच पडते आणि कोणाचे पोट भरले हे स्पष्ट दिसते, कारण आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचे पोट नारिंगी दिसू लागते. पण हीच लहान जागा घातकही ठरते. उरलेले आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतात, तळाशी साचतात, आणि कोरीची पिल्ले तर तळाशीच पडून असतात. प्रत्येक खाण्यानंतर तासाभराने हवेच्या बारीक नळीने तळ शोषून घेणे मी कधीही चुकवत नाही.

एकदा मात्र चूक झाली, आणि ती अजून मनाला लागते. तळ स्वच्छ होता, पण पाणी उचलणाऱ्या नळीत आतून शेवाळाचा बुळबुळीत थर साचला होता. बुडबुडे येत होते, म्हणून मी निर्धास्त होते. प्रत्यक्षात पाणी थेंबाथेंबाने येत होते. सकाळी पाहिले तर 47 पिल्लांपैकी 19 मेली होती आणि उरलेली पृष्ठभागाजवळ भिंतीला चिकटून होती. नळीसाठी बारीक ब्रश वेगळा ठेवा आणि बुडबुड्यांकडे न पाहता बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार पाहा.

ब्रिसलनोजसाठी ही पेटी मला तितकी आवश्यक वाटत नाही. त्यांचा नर गुहेत अंड्यांच्या नारिंगी घोसावर बसतो, पंखांनी त्याला वारा घालतो आणि हे काम कोणत्याही पेटीपेक्षा चांगले करतो. त्याने घोस बाहेर लोटून दिला तरच ती उपयोगी पडते. तेव्हा घोस धारेखाली ठेवावा, म्हणजे तो सतत हलता राहतो. ही पिल्ले पोटाशी पिवळी पिशवी घेऊन बरेच दिवस काचेला चिकटून राहतात आणि नंतर उकडलेल्या भाजीवर तुटून पडतात. त्यांची विष्ठा इतकी असते, की आठवडाभरात पेटी अपुरी पडते.

झाकण बरे बसते, मधली फळी मी वापरत नाही. आवाज मंद आहे.

कोरीची पिल्ले मी दोन आठवड्यांपर्यंत या पेटीत ठेवते आणि मग स्पंज फिल्टर आधीपासून चालू असलेल्या, तळाला बारीक वाळूचा पातळ थर असलेल्या टाकीत हलवते. त्याहून जास्त काळ ठेवून पाहिले तेव्हा वाढ खुंटली होती आणि काहींच्या मिशा आखूड राहिल्या होत्या. वेळेवर हलवलेली पिल्ले मात्र महिन्याच्या आसपास सेंटीमीटरभर होतात, आणि वाळूत तोंड खुपसून मोठ्या कोरींसारखीच चाळण करू लागतात.