लोकसभेची कामकाज सल्लागार समिती : नियम भक्कम, अहवाल त्रोटक

संसदेत एखाद्या विधेयकावर चार तास चर्चा होणार की आठ, हे ज्या टेबलावर ठरते त्या टेबलाकडे मतदारांचे क्वचितच लक्ष जाते. लोकसभेची कामकाज सल्लागार समिती ही खरे तर नागरिकांसाठीच चालणारी सेवा आहे, कारण आपल्या खासदाराला बोलायला मिळणारा वेळ आधी या समितीच्या हिशेबातून येतो. म्हणून एखाद्या सार्वजनिक सेवेचे करावे तसेच तिचे परीक्षण करायला हवे.

समितीची रचना साधी आहे. 1952 पासून ती कार्यरत असून गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष तेव्हा सभागृहाचे कामकाज पाहत होते. नियमानुसार समितीत जास्तीत जास्त 15 सदस्य असतात, त्यांना लोकसभेचे अध्यक्ष नेमतात आणि समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच असते. राज्यसभेत अशीच वेगळी समिती आहे. तिच्यात सभापती आणि उपसभापती धरून 11 सदस्य असतात. सदस्य प्रामुख्याने पक्षांचे नेते आणि प्रतोद असतात. ज्या लहान गटांना जागा मिळत नाही, त्यांच्या नेत्यांना विशेष निमंत्रित म्हणून बोलावण्याची प्रथा आहे, आणि ही प्रथा मला या समितीची सर्वांत चांगली बाजू वाटते. मोजक्या खासदारांच्या पक्षालाही वेळापत्रक ठरताना आपले म्हणणे मांडता येणे, ही संसदीय लोकशाहीत लहान गोष्ट नव्हे.

कामाची मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. कोणती सरकारी विधेयके आणि कोणते अन्य कामकाज समितीकडे पाठवायचे, हे अध्यक्ष सभागृहनेत्याशी विचारविनिमय करून ठरवतात. समिती त्यासाठी किती वेळ द्यावा याची शिफारस करते. विधेयकाचा कोणता टप्पा किती वाजेपर्यंत संपवायचा, हेही ती सुचवू शकते. अहवाल सभागृहात मांडला जातो, तो मान्य करण्याचा प्रस्ताव येतो, आणि तो संमत झाला की ते वेळापत्रक सभागृहाच्या आदेशासारखे लागू होते. ठरलेली वेळ संपताच अध्यक्ष उरलेले सर्व प्रश्न एकामागून एक मतास टाकतात. याखेरीज, अमुक विषयावर चर्चा घ्यावी अशी शिफारस समिती स्वतःहून सरकारला करू शकते. विरोधी पक्षांसाठी हा अधिकार फार मोलाचा आहे. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये प्रत्येक अधिवेशनात 20 दिवसांचा विषय विरोधी पक्ष ठरवतात. आपल्याकडे असे राखीव दिवस नाहीत, त्यामुळे आपला विषय पटलावर आणण्यासाठी विरोधकांना याच बैठकीत आग्रह धरावा लागतो.

ही सेवा प्रत्यक्षात कशी चालते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे एप्रिल 2025 मधील वक्फ सुधारणा विधेयक. समितीच्या बैठकीत चर्चेसाठी 8 तास ठरले, विरोधी पक्षांची मागणी 12 तासांची होती, आणि ते बैठकीतून बाहेर पडले. 2 एप्रिलला सुरू झालेली चर्चा प्रत्यक्षात 12 तासांहून अधिक चालली, मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झाले आणि 288 विरुद्ध 232 मतांनी विधेयक संमत झाले. सभागृहाचा कल पाहून वेळ वाढवण्याचा अधिकार अध्यक्षांना नियमांनी दिलेला आहे, त्यामुळे वेळ वाढणे गैर मुळीच नाही. खटकते ते एवढेच, की जी गरज सभागृहात स्पष्ट दिसली, ती आदल्या दिवशी समितीच्या टेबलावर मान्य होऊ शकली नाही. समितीचे निर्णय एकमताने होतात, असे तिच्या अधिकृत परिचयात सांगितले जाते. ज्या बैठकीतून एक बाजू उठून जाते, तिच्या बाबतीत हे वर्णन कसे लागू करायचे, याचे उत्तर अहवालात सापडत नाही.

याहून गंभीर प्रसंग 14 मार्च 2018 चा आहे. त्या दिवशी गदारोळात अनुदानाच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना संमत झाले. देशाच्या खर्चावर चर्चाच होत नसेल, तर तासांच्या काटेकोर वाटपालाही अर्थ उरत नाही. अर्थात हा दोष केवळ समितीचा म्हणता येणार नाही. सभागृह चालू न देणारे आणि ते चालावे म्हणून पुरेसा प्रयत्न न करणारे, दोघांचाही त्यात वाटा असतो.

माझी मुख्य तक्रार अहवालाबद्दल आहे. संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात आणि मोकळेपणाने तडजोड व्हावी यासाठी ते योग्यही आहे. परंतु सभागृहापुढे येणारा अहवाल म्हणजे विधेयकांची नावे आणि त्यांच्यासमोर तासांचे आकडे. एका विधेयकाला 3 तास का आणि दुसऱ्याला 6 का, कोणी किती मागितले, कोणता विषय मागूनही मिळाला नाही, यातले काहीही वाचकाला कळत नाही. अहवाल समितीकडे परत पाठवण्याची दुरुस्ती सुचवण्याची सोय नियमांत आहे. प्रस्तावावर जास्तीत जास्त अर्धा तास चर्चा होऊ शकते आणि प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त पाच मिनिटे बोलता येते. तरीही तो प्रस्ताव सहसा आवाजी मतदानाने काही क्षणांत निकाली निघतो.

ही सेवा सुधारण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. अहवालात प्रत्येक विधेयकापुढे मागितलेला वेळ आणि दिलेला वेळ असे दोन रकाने छापावेत, आणि त्याखाली ज्या विषयांवर चर्चेची मागणी झाली त्यांची नोंद असावी. संसदेचे कामकाज नियमित पाहणाऱ्यांनी तोवर अधिवेशनाच्या प्रत्येक आठवड्यात हा अहवाल आवर्जून मिळवून वाचावा आणि प्रत्यक्ष चर्चा किती तास चालली ते त्याच्याशेजारी मांडून पाहावे.